थोरलीची बदकं आणि माझं नाक

बदक मला आवडत नाही, हे आधी सांगून मोकळी होते. चित्रात बरं दिसतं. पिवळं, गुबगुबीत, चोच हसरी. चित्राला वास नसतो ना. ज्याने ते चित्र काढलं त्याने एकदा सकाळी आमच्या मागच्या अंगणातून अनवाणी चालून दाखवावं. बदक खातं ते पाण्यात बुडवून, पितं ते खाण्यात बुडवून, आणि मधल्या वेळात जे करायचं ते उभं असेल तिथे करतं, तेही पातळ. घट्ट असं काही त्याच्या नशिबातच नाही. आमच्या थोरलीने ही जात सव्वीस वर्षं पाळली आणि मी सव्वीस वर्षं नाकाला फडकं लावून ते बघितलं.

थोरली म्हणजे माझी जाऊ, माझ्या दिरांची बायको. ती शहात्तरची, मी एकाहत्तरची. पण मी एकोणिसाव्या वर्षी ह्या घरात आले तेव्हापासून गल्लीला ती थोरली आणि मी धाकटी. माझे दात गेले, गुडघे गेले, धाकटेपण काही जाईना. आमचं घर म्हणजे एकच लांबोडकं घर, मधे एका विटेची भिंत घालून दोन केलेलं. भिंत इतकी पातळ की ती पलीकडे खोकली तर मी इकडे पाणी प्यावं. दोघींच्या स्वयंपाकघरांची दारं मागे एकाच अंगणात उघडतात. तिथे एक नळ, एक सिमेंटचा हौद, एक मोरी, आणि उरलेली सगळी जागा बदकांची.

दोघे भाऊ, आता दोघेही नाहीत, धुलाईच्या कारखान्यात होते. दीर बॉयलरवर, आमचे हे इस्त्रीच्या यंत्रावर. थोरलीही तिथेच, दवाखान्याच्या चादरींच्या घड्या घालायला. दिवसाला चारशे चादरी. तिची घडी अशी बसायची की चार टोकांत नख शिरायचं नाही. घरातही तेच. भांडी पुसायचं फडकंसुद्धा चौपदरी घडी करून खिळ्याला. अशी टापटिपीची बाई, आणि तिने पाळलं काय, तर बदक! लोकांना म्हातारपणी छंद लागतात, हिला घाण लागली.

झालं असं, की कारखाना बंद पडला. मागे धुण्याचं पाणी निवळायला एक तळं होतं, त्यात दोन-चार बदकं आपली आपण राहायची. शेवटच्या दिवशी सगळे जण कपाटातले डबे, चपला घेऊन घरी निघाले, आणि थोरली आली ती उशीच्या अभ्र्यात सहा पिल्लं घेऊन. त्यांच्या आईला कुत्र्याने नेलं होतं म्हणे.

"जाऊबाई, हे काय?" मी विचारलं.

"चिवचिव करत होती गं."

"चिवचिव तर उंदीरही करतो. उद्या त्यालाही आणाल."

तिने त्या सहांना काय घातलं असेल? पाव. पाण्यात भिजवलेला मऊ मऊ पाव, वाटीभर, दिवसभर. वर शेजारणीने दिलेला अंड्यावरच्या कोंबड्यांचा दाणा, त्यात शिंपल्यांचा चुरा भरपूर. पिल्लं खायची बाकी आनंदाने. पोटं टम्म. मला तेव्हाच किळस यायची त्या लगद्याची, पण थोरली अगदी खुशीत. पाचव्या आठवड्यात दोघांना उभं राहवेना, पाय धनुष्यासारखे वाकले. एकाचे पंख कोपरातून बाहेर वळले, जसं काही दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाजारातून येतंय. तीन मेली. उरलेली तीन तिने टोपलीत घातली आणि कालव्यापलीकडे एक म्हातारा बदकं पाळायचा त्याच्याकडे नेली. मीही गेले होते सोबत, टोपलीपासून दहा पावलं मागे.

म्हाताऱ्याने एकेक पिल्लू उचललं, उलटं केलं, पायाची हाडं चाचपली आणि बाजूला थुंकला.

"बाई," तो म्हणाला, "भुकेने मारली असतीत तर कमी हाल झाले असते. तुम्ही लाडाने मारलीत."

ते वाक्य थोरलीच्या अंगात जे रुतलं ते कायमचं. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर ती रोज त्या म्हाताऱ्याकडे गेली. त्याचं पाणी भरलं, त्याची खुराडी घासली, आणि शिकून आली.

त्यानंतर तिच्या बदकांच्या खाण्यात मुंगीइतकी चूक नाही. पिल्लू घरी आलं की आधी पाणी, मग दाणा. पाण्याची थाळी अशी, की चोच नाकपुड्यांपर्यंत बुडली पाहिजे, पण अंग बुडता कामा नये. म्हणून थाळीत गोटे. खाताना शेजारी पाणी नसेल तर दाणा घशात अडकतो आणि नाक चोंदतं. पहिले तीन आठवडे बारीक, ताकदीचा भरडा, आणि त्यावर चिमूट चिमूट वाळवलेलं यीस्ट, बियरच्या कारखान्यातून आणलेलं, कारण ते नसेल तर पाय वाकतात. कोंबडीच्या पिल्लाला लागत नाही तेवढं बदकाला लागतं. तीन आठवडे झाले की उलटं. आता ताकद कमी करायची, भरड्यात गव्हाचा जाडा भरडा मिसळायचा, पाला चिरून पाण्यावर तरंगत सोडायचा. पिल्लं बोंबलतात, पण ऐकायचं नाही. फार ताकदीचं खाऊन अंग भरभर वाढलं की पंख वळतात. आणि शिंपल्यांचा चुरा थेट चार-पाच महिन्यांनी, मादी अंड्यावर यायला लागली की. पाव तर घरात कुणी आणला तरी कपाटात वरच्या फळीवर. तळ्याकाठी कुणी हौसेने बदकांना पाव टाकताना दिसला की थोरली भर रस्त्यात थांबून त्याला झापायची. एकदा एका चांगल्या टाय लावलेल्या माणसाच्या हातातला पाव तिने काढून घेतला आणि "तुम्हीच खा, वाया नको जायला" म्हणून त्याच्याच तोंडापुढे धरला. मी दुसऱ्या फुटपाथवर गेले. ही माझी कुणी नाही, असा चेहरा करून.

तिचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, म्हणायचा, "आईने मला इतकं बघून कधी वाढलं नाही."

"तुझे पाय सरळ आहेत ना?" ती म्हणायची. "मग गप्प बस."

पण ह्या सगळ्यात सगळ्यात ओंगळ गोष्ट पुढेच आहे. भरडा चांगला की वाईट, हे ती कसं ठरवायची? रोज सकाळी पोत्यातून मूठभर काढायची, डोळे मिटून नाकाशी धरायची, आणि मग चिमूटभर जिभेवर ठेवायची. बदकांचं खाणं! जिभेवर! मग विचार केल्यासारखं तोंड हलवायची आणि म्हणायची, "हं. ठीक आहे." माझा सकाळचा चहा त्या दृश्यामुळे कितीदा वाया गेला असेल. तिचं म्हणणं, बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळते, आणि बदकाचं पिल्लू बुरशीपुढे अगदीच नाजूक. कोंबडी पचवेल, बदक मरेल.

दोन वर्षांपूर्वी थोरलीला मोठा ताप आला. पंधरा दिवस अंथरुणात. उठली ती वाळून, पण उठली. पोत्यापाशी उभं राहून डोळे मिटणं पुन्हा सुरू झालं. नंतरच्या वर्षी तिने पिल्लं आणली नाहीत, दम नाही म्हणाली. मोठी बदकं म्हातारी होऊन एकेक गेली. मग गेल्या हिवाळ्याअखेर तिने एकदम चोवीस पिल्लं आणली.

त्यातली पाच जगली. तेरा-चौदा दिवसांची असतील, अचानक खाणं सोडलं, लंगडायला लागली, आणि मग मान मागे पाठीवर टाकून पाय झाडत गेली. पाच दिवसांत एकोणीस. मला बदकं आवडत नाहीत, पण ते कुणाला आवडेल? मी टोपलीत उचलून टाकली, कारण थोरली नळाशी बसून थाळ्या घासत होती. घासलेल्याच थाळ्या पुन्हा पुन्हा. उरलेली पाच तिने कालव्यापलीकडे त्या म्हाताऱ्याच्या मुलीला देऊन टाकली. म्हणाली, माझ्या हाताला यश नाही.

पुतण्या आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि सातव्या मजल्यावर राहतो. अंगणाकडे बघून त्याने नाक मुरडलं. त्याचं नाक माझ्यावर गेलंय, हे मी नेहमी म्हणते.

"आई, पुरे झालं आता. तुझ्याच्याने होत नाही. माझ्याकडे चल."

"सातव्या मजल्यावर मी काय करू? लिफ्ट बिघडायची वाट बघत बसू?"

"मग असं कर," तो म्हणाला. "वसंतात एकदा आण, वीसच आण. सहा आठवड्यांनी मी येऊन बघेन, ती धड वाढली तर राहा इथे, पाळ काय पाळायचं ते. पुन्हा असाच ढीग उचलायची वेळ आली, तर सामान बांधायचं. काकू साक्षीदार."

मी मान हलवली. ह्या दोघांच्या मधे मला का ओढलं, देव जाणे. बदकांचं वाईट बोलणारी गल्लीत मी एकटी, म्हणून माझ्या साक्षीला वजन असावं.

वीस पिल्लं आली. तिच्या स्वयंपाकघरात टेबलाखाली खोका, वर दिवा. पहिल्या आठवड्याचं खाणं पिल्लं विकणाऱ्यानेच पुडक्यातून दिलेलं, त्यामुळे काळजी नव्हती. सहाव्या दिवशी मला भिंतीतून वास आला. बदकांचा नव्हे. बदकांचा वास मी झोपेतही ओळखते. हा मेलेल्या उंदराचा, गोडसर, घशाला चिकटणारा. मी नाक दाबून पलीकडे गेले. थोरली टेबलाशी बसून निवांत जेवत होती. तिच्या मागच्या कपाटाखालून वास नुसता उसळत होता.

"अहो जाऊबाई, जेवताय काय! वास येत नाही?"

"कसला?" तिने विचारलं, आणि माझा चेहरा बघून लगेच म्हणाली, "हां, येतोय ना. येतोय थोडासा. खिडकी उघडते."

थोडासा! मी चिमट्याने उंदीर काढला, कागदात गुंडाळला, बाहेर नेऊन टाकला, तीनदा हात धुतले आणि माझ्या पायरीवर येऊन बसले. डोक्यात तिचं ते 'येतोय थोडासा' घोळत होतं. मी उठले. हौदापाशी सकाळच्या थाळीतला उरलेला लगदा पडला होता, उन्हात आंबून वर बुडबुडे आलेले. वाटीत घेतला. लांब हात करून पलीकडे नेला.

"आत्ताच कालवलंय, बघा बरं," म्हणून तिच्या नाकाशी धरला.

तिने नेहमीसारखे डोळे मिटले. श्वास घेतला. "हं," ती म्हणाली. "ताजं आहे."

मी वाटी टाकली आणि मोरीकडे धावले. ओकून झालं तरी मला वर बघवेना. ओकारी त्या वासाने आली की तिच्या त्या मिटलेल्या डोळ्यांनी, माझं मलाच कळलं नाही.

ती मागे येऊन उभी होती. हातात फडकं. त्याची घडी करत होती, मोडत होती, पुन्हा करत होती.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"त्या तापापासून."

"आणि जीभ?"

"खारट, आंबट, गोड कळतं. बाकी नाही."

"मग रोज पोत्यापाशी उभं राहून ते काय करत होतात?"

"सवय," ती म्हणाली. "ते पोतं खराब होतं, धाकटे. खाली भिंतीला लागून ओलं झालं होतं. मागाहून रिकामं करताना दिसलं. मीच घातलं त्यांना. दिवसातून पाच वेळा, ह्या हाताने." मग म्हणाली, "म्हातारा असता तर पुन्हा थुंकला असता."

मी तोंड धुतलं.

"त्याला सांगू नकोस," ती म्हणाली. तो म्हणजे तिचा मुलगा. "बदकं राहिली बाजूला, गॅसचं निघेल. वास येत नाही, एकटी राहते, गॅस सुटला तर. आजच्या आज उचलून नेईल."

आता खरं सांगते. त्या क्षणी मला फार काही करायचं नव्हतं. नुसतं तोंड मिटून बसायचं होतं. ह्या वीस पिल्लांचंही मागच्यांसारखंच झालं असतं, थोरली सातव्या मजल्यावर गेली असती, आणि अंगण माझं. धुतलेलं, कोरडं, अनवाणी चालण्यासारखं. सव्वीस वर्षं मी ज्याची वाट बघितली ते. आणि भिंतीपलीकडे खोकायला कुणी नाही.

"हे बघा," मी म्हणाले. "मी हुंगते. पोतं, थाळी, सगळं. सकाळी मी पलीकडे येऊन हुंगल्याशिवाय तुम्ही काडी ओढायची नाही. पण तो पाच आठवड्यांनी येईल तेव्हा त्याला तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडाने. मी काही अमरपट्टा घेऊन आलेली नाही, उद्या मी गेले तर तुमचा गॅस कोण हुंगणार, बदकं?"

"सांगेन," ती म्हणाली.

आठव्या दिवशी नवं पोतं फोडलं. मी कपडे वर खोचून, तोंड वाकडं करून त्यात डोकं घातलं. वर बरं होतं, धान्याचा कोरडा वास. थोरलीला तेवढंच पुरे झालं. तिने थाळी भरली आणि निघाली. मी मात्र हात आणखी खाली घातला, आणि एक वास आला. बंद पेटीत विसरलेल्या ओल्या टॉवेलाचा. फार नाही. एवढासा.

"थांबा!"

ती खोक्यापाशी वाकलीच होती. वीसच्या वीस माना वर झालेल्या. मी उठून पोचेपर्यंत थाळी खाली टेकली असती, म्हणून लांबूनच चप्पल फेकली. माझा नेम कधी लागत नाही. त्या दिवशी लागला. थाळी फरशीवर, भरडा सगळीकडे, आणि थोरली हात चोळत माझ्याकडे बघतेय. पुढचा अर्धा तास आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून कण न् कण झाडत होतो, आणि पिल्लं भुकेने आमच्या कानाशी ओरडत होती. त्यांना तेवढ्यापुरतं अंडं उकडून, कुस्करून दिलं.

मग पोतं ढकलगाडीवर घालून आम्ही दाणेवाल्याकडे. दाणेवाला म्हणजे खुर्चीत मावत नाही एवढा माणूस, दात कोरत बसलेला. पोती बहुतेक सगळी खाली जमिनीवर, ओल्या भिंतीला टेकून. एका पोत्यावर मांजर, तिने तिथे काय काय केलं असेल ते मांजरच जाणे.

"आजी, खराब कुठे आहे?" त्याने वरची मूठ उचलून दाखवली. "बघा की, सोन्यासारखा."

"वरून सगळं सोन्यासारखंच असतं. तुम्हीसुद्धा."

"वास येतो म्हणता? अहो, बदकांचं खाणं आहे हे, अत्तर नाही."

माझं डोकं फिरलं. मी बाही सरकवली आणि पोत्यात हात घातला, थेट खांद्यापर्यंत. आत गरम होतं. शी! आजही आठवलं की हात धुवावासा वाटतो. तळाशी बोटांना काहीतरी मऊ लागलं, लोकरीसारखं. ओढून काढलं. मुठीएवढा गोळा, हिरवट करडा, वर केस आलेले. मी तो त्याच्या नाकापुढे धरला.

"हुंगा."

त्याने खुर्चीसकट मागे सरकायचा प्रयत्न केला. खुर्ची सरकली, तो नाही सरकला.

"तुम्हाला हुंगवत नाही, ते आठ दिवसांच्या पिल्लाने गिळायचं?"

"कोंबड्या खातात की," तो पुटपुटला.

"कोंबड्या खातात. बदकाचं पिल्लू मान टाकतं," मागून थोरली म्हणाली. हळू. पण त्याने तिच्याकडे बघितलं आणि दात कोरणं थांबवलं. मागचं पोतंही त्याचंच होतं.

मी सात पोती हुंगली. गिऱ्हाइकं गोळा झाली. "खरबुजं निवडताय का, आजी?" कुणीतरी विचारलं. पाचवं पोतं मला पटलं, नुकतंच आलेलं, लाकडी फळीवर ठेवलेलं. दाणेवाल्याने ते मुकाट्याने ढकलगाडीवर चढवलं. घरी आल्यावर मी साबणाने खांद्यापर्यंत हात धुतला, वास घेतला, पुन्हा धुतला.

त्या पाच आठवड्यांबद्दल मी फार बोलणार नाही. रोज सकाळी आधी तिचा गॅस, मग पोतं, मग थाळी. तिचा नियम, भिजवलेलं खाणं अर्ध्या तासात संपेल एवढंच घालायचं, उरलं तर फेकायचं आणि थाळी घासायची. माझा नियम, हे सगळं करताना तोंडाने शिव्या चालू ठेवायच्या. ती मोजून, कालवून, चिरून द्यायची आणि मी हुंगायची. पोतं मात्र आम्ही विटांवर ठेवलं, भिंतीपासून हातभर लांब. तीन आठवड्यांनी तिने भरड्याची ताकद उतरवली तेव्हा पिल्लं इतकी ओरडली की मीच आणखी मूठभर घालायला गेले. तिने माझ्या हातावर चापट मारली.

"लाड नको," ती म्हणाली.

"मी लाड करत नाही. कान किटले माझे."

"तेच ते."

पायाने थोडं अधू असं एक पिल्लू होतं. इतर जण त्याला थाळीपासून ढकलायचे. थोरलीने त्याची थाळी वेगळी केली, यीस्ट जास्त, आणि मला त्याच्याशेजारी बसवलं, दुसरं कुणी येऊ नये म्हणून. हळूहळू पाय सावरला. आता ते धड चालतं, आणि चालतं ते फक्त माझ्या मागे. चिखलाची चोच माझ्या पायाला पुसतं. हाकललं तरी जात नाही. मी काय पाप केलं होतं कोण जाणे.

पुतण्या आला दुपारी. अंगणात उभं राहून त्याने मोजली. वीस. पिवळं जाऊन पांढरी पिसं फुटलेली, पाय सरळ, पंख अंगाला चिकटून. तो खूश झाला हो मनापासून. मी आतून चहा आणला, आम्ही तिघं पायरीवर बसलो.

"बघ आई," तो म्हणाला, "मागच्या वेळी नशीबच खराब होतं."

थोरली कपात बघत होती. मी तिच्याकडे बघत होते.

"हो," ती म्हणाली. "नशीब."

सव्वीस वर्षांत त्या अंगणात मी नाही नाही ते हुंगलं. पण त्या एका शब्दाने मला जेवढी किळस आली तेवढी उंदरानेही आली नव्हती. आणि नुसती तिची नाही. मी गप्प बसले तर माझीही.

"शी!" माझ्या तोंडून निघालं.

"काय झालं, काकू?"

"काही नाही. वास आला."

थोरलीने माझ्याकडे बघितलं. मग तिने कप खाली ठेवला, मांडीवरच्या फडक्याची चौपदरी घडी केली, टोकाला टोक लावलं.

"नशीब नव्हतं रे," ती म्हणाली. "माझं नाक गेलंय. दोन वर्षं झाली. बुरशी आली होती दाण्याला, मला कळलं नाही. मागची मी मारली. ही हिने वाचवली."

पुतण्या आधी हसला, मग हसायचा थांबला. "काकूने? बदकं?"

"हो," मी म्हणाले. "बोलू नकोस कुणाला."

"आणि गॅस?" आलंच ते. "आई, गॅस?"

"सकाळी आधी ही येते, हुंगते, मग मी काडी ओढते."

"आणि काकू आजारी पडली तर?"

तो उठला, आत गेला, आणि गॅसची टाकी बंद करून, नळी काढून, बाहेर अंगणात आणून ठेवली. थोरली बसल्या जागी आक्रसली. तिला वाटलं, आता ट्रंक. मलाही तेच वाटलं.

"विजेची शेगडी आणून देतो उद्या," तो म्हणाला. "तोवर काकूकडे जेव." मग बदकांकडे हात केला. "पण ह्यांचं काय? काकू आजारी पडली तर पोतं कोण हुंगणार?"

मी उठले. हौदापाशी सकाळची थाळी होती, फेकायची राहिलेली. ती त्याच्या नाकाशी नेली. लिफ्ट दुरुस्त करणारा एवढा मोठा माणूस, तोंडावर हात धरून मोरीकडे धावला.

"छान," मी थोरलीला म्हणाले. "नाक उत्तम आहे."

तेव्हापासून नवं पोतं आलं की पुतण्याला फोन जातो. तो येतो, पोत्यात डोकं घालतो, शिव्या देत बाहेर काढतो, मग मी घालते. दोघांचं एकमत झालं तरच थाळी भरायची. थोरली बाजूला उभी राहून आमचे चेहरे बघते. आमचा चेहरा किती वाकडा झाला त्यावरून तिला कळतं म्हणे. आता माद्या मोठ्या होत आल्यात, पुढच्या महिन्यात शिंपल्यांचा चुरा सुरू करायचाय. तोही हुंगावा लागणार, ही बातमी तिने मला काल दिली. मी बोलत होते तेव्हा ते अधू पायाचं, आता चांगलं धिप्पाड झालेलं, माझ्या नुकत्याच धुतलेल्या पायांवर उभं होतं. आणि उभ्या उभ्या जे करायचं ते त्याने केलं.